मामा, घेऊ का?

मंडळी, या वीकांताला प्रवासवर्णन नाही, सिनेमा नाही, आणि रेसिपी तर नाहीच नाही. आज बॅटरी. घाबरू नका, सर्किट काढून दाखवणार नाहीये. बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर, त्यावर आम्ही रात्र-रात्र घातलेले वाद, आणि त्या वादांच्या नादात माझ्या हातून झालेली एक गोष्ट. ती मी पाच वर्षं कुणाला धड सांगितलेली नाही.

आधी पात्रपरिचय. बोस्टनच्या पश्चिमेला जी गावं आहेत, जिथे दर तिसऱ्या घरासमोर चपला-बूट काढलेले दिसतात, त्यातल्या एका गावात आम्ही चौघं. एक 'पीएचडी'. मटेरियल सायन्सचा डॉक्टर. कशाबद्दलही विचारा, हा अणूंपासून सुरुवात करणार. दुसरा 'शेठ'. मूळचा इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग. स्वतः माझ्यासारखाच जावा पाडणारा, पण रक्तात धंदा. तिसरी शेठची बायको, आमच्या वहिनी. एका विमा कंपनीत अकाउंट्समध्ये. चौथा अस्मादिक. शनिवारी संध्याकाळी शेठच्या बेसमेंटमध्ये बैठक, वहिनींचे बटाटेवडे, आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर मतं.

२००९ च्या सप्टेंबरात विषय होता ए१२३ सिस्टिम्स. एमआयटीचे प्राध्यापक येट-मिंग च्यांग यांच्या संशोधनातून २००१ साली निघालेली कंपनी. ऑफिस वॉटरटाउनला, म्हणजे आमच्या अगदी अंगणात. २४ सप्टेंबरला आयपीओ आला, साडेतेरा डॉलरने, आणि पहिल्याच दिवशी शेअर वीसच्या वर बंद झाला. आजूबाजूला मंदी, आमच्याच ग्रुपमधल्या दोघांच्या नोकऱ्या नुकत्याच गेलेल्या, आणि ही कंपनी एका दिवसात दीडपट! त्याच्या महिनाभर आधी अमेरिकन सरकारने तिला जवळजवळ २५ कोटी डॉलरचं अनुदान जाहीर केलेलं. चर्चा तर होणारच.

आणि काय चर्चा केली आम्ही! पीएचडीने पेपर नॅपकिनवर लोह-फॉस्फेटची जाळी काढली. तोवर लॅपटॉपच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट असायचं. तापलं की त्यातला ऑक्सिजन सुटा होतो आणि आगीला आयतं खाद्य मिळतं. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून बसलेला, सहजासहजी सुटत नाही. म्हणून ही बॅटरी सुरक्षित, शिवाय टिकाऊ, शिवाय लोह आणि फॉस्फेट दोन्ही स्वस्त. अडचण एकच, हा पदार्थ विजेचा वाहक म्हणून अगदीच मठ्ठ. तर त्याचे कण नॅनो आकाराचे करायचे, म्हणजे लिथियमला लांबचा प्रवासच नको. डीवॉल्टच्या ३६ व्होल्टच्या ड्रिलमध्ये ह्या बॅटऱ्या आधीपासून होत्या. शेठच्या गॅरेजमध्ये ते ड्रिल होतं. तो ते घेऊन आला आणि बेसमेंटच्या लाकडी खांबाला उगाचच चार भोकं पाडली. पुरावा!

विरोधी पक्षात एकट्या वहिनी. वड्यांची परात ठेवता ठेवता म्हणाल्या, "२००८ साली यांची विक्री साधारण पावणेसात कोटी डॉलर आहे आणि तोटा आठ कोटी. शंभरची वस्तू विकताना जवळजवळ दोनशेवीस खर्च होतायत."

"अहो वहिनी, ग्रोथ स्टेजला असंच असतं," मी म्हणालो. कुठल्या अनुभवावर म्हणालो, देव जाणे.

मी बावीसच्या आसपास अडीचशे शेअर घेतले. पुढे नऊ डॉलरला आला तेव्हा 'ॲव्हरेज' करायला म्हणून अजून तीनशे. एकूण आठ हजार दोनशे डॉलर. नवी गाडी घ्यायचे पैसे होते ते, त्यामुळे जुनी कोरोला पुढे पाच वर्षं चालवली.

मधल्या काळात काय झालं हे थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये विक्री वाढून सोळा कोटींच्या आसपास गेली आणि तोटा पंचवीस कोटींच्या वर. वहिनींचं गणित फळफळत होतं म्हणा ना. मग मार्च २०१२. फिस्कर कर्मा नावाच्या महागड्या इलेक्ट्रिक गाडीत या कंपनीच्या बॅटऱ्या होत्या. मिशिगनमधल्या लिव्होनियाच्या कारखान्यात एका वेल्डिंग मशीनचं कॅलिब्रेशन चुकलं आणि सदोष सेल गाड्यांमध्ये गेले. बदलून द्यायचा अंदाजे खर्च साडेपाच कोटी डॉलर. आधीच कडेलोटावर असलेल्या कंपनीला तेवढं पुरलं. १६ ऑक्टोबर २०१२ ला दिवाळखोरीचा अर्ज. त्या दिवशी घटस्थापना होती, बायको घट बसवत होती आणि मी हापिसातून फोन करून तिला सांगत होतो की बातमी आहे, पण गोड नाही. शेअर तेव्हा पंचवीस सेंटच्याही खाली होता.

पुढचं मला कुणी शिकवलं नव्हतं, तेव्हा कळलं. कंपनी दिवाळखोरीत गेली की तिची मालमत्ता विकून पैसे वाटतात, पण पंगतीला क्रम असतो. आधी तारण ठेवून कर्ज दिलेले, मग बिनतारणी देणेकरी, आणि सगळ्यांची पोटं भरून भांड्यात काही उरलंच तर भागधारक. भांड्यात काही उरत नाही. डिसेंबरमधल्या लिलावात वानशांग या चिनी उद्योगसमूहाने बहुतेक सगळं साडेपंचवीस कोटी डॉलरच्या आसपास घेतलं. मला सगळ्यात विचित्र वाटली ती ही गोष्ट, की प्रत्यक्षात फारसं काही मेलं नाही. कारखाने चालू राहिले, पेटंटं जागेवर, इंजिनिअर कामावर. आम्ही तेवढे बाहेर.

आणि पीएचडीचा नॅपकिन? शंभर टक्के बरोबर निघाला! लोह-फॉस्फेट, म्हणजे ज्याला आता सगळे एलएफपी म्हणतात, ती केमिस्ट्री जिंकली. चिनी कंपन्यांनी ती डोंगरासारखी बनवली. टेस्लाने २०२१ मध्ये जाहीर केलं की कमी रेंजच्या गाड्यांत जगभर हीच वापरणार. २०२४ पर्यंत जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत हिचा वाटा निम्म्याजवळ गेला. मध्ये पुण्यात एका मित्राच्या नेक्सॉन ईव्हीतून चांदणी चौक चढत होतो. तो कौतुकाने सांगत होता की आत एलएफपी आहे, आग-बिग लागायची भीती कमी. मी म्हटलं, माहितीय रे बाबा. आठ हजार दोनशे डॉलर फी भरलीय या विषयाची.

आता खरं तर एवढं शिकल्यावर माणूस शहाणा व्हावा. आम्ही झालोही. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

डिसेंबर २०२०. कोविड, त्यामुळे बेसमेंट बंद. शेठच्या ड्राइव्हवेत सहा-सहा फुटांवर खुर्च्या, मध्ये शेकोटी, बाजूला आदल्या आठवड्यातल्या वादळाने आणलेल्या बर्फाचे ढीग. विषय क्वांटमस्केप. कॅलिफोर्नियात सॅन होजेची कंपनी, २०१० साली स्थापन झालेली, पाठीशी फोक्सवॅगन. नोव्हेंबरच्या शेवटी शेअर बाजारात आली आणि ८ डिसेंबरला तिने आपल्या सेलचे आकडे जगापुढे मांडले. पंधरा मिनिटांत ८० टक्के चार्ज. आठशेहून जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही ८० टक्क्यांच्या वर क्षमता शिल्लक.

कल्पना सुंदर आहे, दोन मिनिटं घेतो. नेहमीच्या बॅटरीत चार्ज होताना लिथियम ग्राफाइटमध्ये जाऊन बसतं. ग्राफाइट म्हणजे नुसतं हॉटेल, जागा आणि वजन खाणारं. यांनी हॉटेलच पाडलं. चार्ज होताना लिथियमचा शुद्ध धातूचा थर आपोआप साचतो, डिस्चार्ज होताना विरघळून जातो. ही गोष्ट लोकांनी आधीही करून पाहिली होती, पण धातू साचताना त्याला काट्यांसारखे कोंब फुटतात, ते मधला पडदा फाडून पलीकडे पोचतात आणि शॉर्ट सर्किट. यांनी पडदा सिरॅमिकचा केला. कोंबांना दाद न देणारा, पण लिथियमचे आयन पलीकडे जाऊ देणारा. तो नेमका कशाचा, हे गुपित.

यावेळी आम्ही जास्त हुशार प्रश्न विचारले. पीएचडी म्हणाला, आकडे एका थराच्या सेलचे आहेत, पत्त्याच्या पानाएवढ्या. गाडीला असे कित्येक थर एकावर एक लागतील आणि प्रत्येक थरातलं सिरॅमिक निर्दोष लागेल, मैलच्या मैल. शिवाय दुसऱ्या बाजूला द्रव-जेलसारखं काहीतरी आहेच, मग 'सॉलिड स्टेट' पूर्ण सॉलिड कुठे? शेठ म्हणाला, कारखाना कुठाय? माग एक असला तर कापड निघतं, पण भावाने कापड निघायला शंभर माग आणि दहा वर्षं लागतात. विक्री शून्य, कंपनी स्वतःच सांगतेय की २०२४ च्या आधी काही नाही, आणि बाजार तिची किंमत फोर्डपेक्षा जास्त लावतोय. फोर्ड! वहिनी मफलरमधून म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यात बॅटरी आहे, कारखाना आहे. एकूण शेअर किती आहेत आणि अजून किती येणार, हे कुणी बघितलंय का? आत्ता ज्यांना विकायची परवानगी नाही त्यांची ती मुदत संपली की काय होईल?"

मी बाजू लढवत होतो. मला ते आकडे मनापासून आवडले होते. इंजिनिअरला जसा एखादा नीट लिहिलेला कोड आवडतो तसे. पण मी स्वतः एकही शेअर घेतला नव्हता. हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. तोंडाने बाजू लढवत होतो आणि खिशाला हात लावत नव्हतो.

२२ डिसेंबरला सकाळी पुण्याहून भाच्याचा फोन. तिकडे संध्याकाळचे आठ वाजत आलेले, इकडे बाजार उघडायला दहा मिनिटं. भाचा तेव्हा सव्वीसचा, हिंजवडीत नोकरीला, वर्क फ्रॉम होम, आणि मोबाइलवर अमेरिकन शेअर घ्यायची सोय नुकतीच हाताशी आलेली.

"मामा, तू त्या फील्डमधल्या लोकांत बसतोस ना? क्वांटमस्केप घेऊ का?"

मी त्याला दहा मिनिटं लेक्चर दिलं. ग्राफाइट, हॉटेल, कोंब, सिरॅमिक. तो मन लावून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे टेक्नॉलॉजी खरी आहे?"

"टेक्नॉलॉजी खरी आहे," मी म्हणालो.

"थँक्स मामा!"

मी फोन ठेवला आणि चहा घेतला. कुणाला तरी काहीतरी छान समजावून सांगितल्याचा आनंद होता. त्याने 'घेऊ का' विचारलं होतं आणि मी 'खरी आहे' म्हणालो, हे दोन वेगवेगळ्या प्रश्नांचे कागद होते, पण मला ते जाणवलं नाही. किंवा जाणवलं आणि मी तिकडे बघितलं नाही. वहिनींचे प्रश्न मला तोंडपाठ होते, त्यातला एकही मी त्याला सांगितला नाही. ए१२३ बद्दल तर अवाक्षर नाही. का? तर अमेरिकेतला हुशार मामा बॅटरीच्या शेअरमध्ये तोंडावर आपटलाय हे भाच्याला कळू नये म्हणून. दुसरं काही कारण असेल म्हणून मी बराच शोध घेतला. नाही सापडलं.

आणि पैसे कुठले आहेत हेही विचारलं नाही.

त्याने त्या दिवशी एकशेवीसच्या वर वीस शेअर घेतले. साधारण एक लाख ऐंशी हजार रुपये. त्याच दिवशी शेअर १३१ च्या पुढे बंद झाला. तो आजतागायतचा सर्वोच्च बंद भाव आहे. मुहूर्त साधणं आमच्या घराण्यात आहे.

४ जानेवारी २०२१ ला एका दिवसात शेअर ४१ टक्के पडला, पन्नासच्या किंचित खाली. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता तरी फोन आला.

"मामा, काय झालं? बॅटरी फेल गेली का?"

"नाही रे, बॅटरीला काही झालेलं नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं, वहिनींनी शेकोटीपाशी दिलेलं. मोठ्या संख्येने शेअर विक्रीसाठी मोकळे होणार असल्याचा कागद कंपनीने दाखल केला होता आणि तंत्रज्ञानावर टीका करणारा एक लेखही आला होता. मी ते सांगितलं. पण शेवटी पुन्हा तेच. "थांब थोडा. टेक्नॉलॉजी बदललेली नाही." दुसऱ्यांदा.

मार्चमध्ये ताईचा फोन. ताई म्हणजे भाच्याची आई. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, एकाचं ऑपरेशन २०२० च्या एप्रिलात ठरलं होतं, पण लॉकडाऊनमध्ये तसली सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. आता पुन्हा तारीख मिळत होती. गप्पांच्या ओघात म्हणाली, "अरे, ऑपरेशनचे पैसे ह्याच्या खात्यात ठेवले होते, तर म्हणतोय कुठेतरी गुंतवलेत, जरा थांबू. तुला काही बोललाय का?"

एक लाख ऐंशी हजार. आकडा ऐकल्यावर मी खुर्चीत बसलो.

मी पैसे पाठवतो म्हटलं. भावजींनी साफ नकार दिला. मेव्हण्याच्या पैशाने बायकोचा गुडघा? त्यांनी एफडी मोडायची ठरवली, त्यावरून बापलेकांत जुंपली, आणि एवढ्यात पुण्यात दुसरी लाट आली. ऑपरेशन शेवटी नोव्हेंबरात झालं. म्हणजे भिंतीला धरून चालणं अजून आठ महिने. त्यातले बरेचसे दुसऱ्या लाटेमुळे गेले हे खरं आहे, आणि मी बरीच वर्षं त्या लाटेच्या आड उभा होतो. पण मार्चमधली तारीख लाटेने घालवलेली नव्हती.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) माझं वाक्य पुढेही खरं होत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने चोवीस थरांचे नमुने गाडी-कंपन्यांना पाठवले. जानेवारी २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या पॉवरकोने सांगितलं की त्यांच्या चाचणीत सेलने हजारावर सायकल पार केल्या आणि क्षमता ९५ टक्क्यांच्या वर राहिली. पीएचडीच्या शंका एकेक करून मागे हटत होत्या. आणि ह्याच काळात संशोधन चालू ठेवायला कंपनी नवे शेअर विकत होती. मार्च २०२१ मध्ये ४० डॉलरने, ऑगस्ट २०२३ मध्ये ८ डॉलरने. ह्यात फसवाफसवी काही नाही. विक्री नसलेली कंपनी जगणार कशी? पण त्या प्रत्येक खेपेला भाच्याच्या वीस शेअरचा वाटा थोडा-थोडा पातळ होत होता. पिठल्यात पाणी घालत जावं तसा. पिठलं तेच, चवही खरी. २०२५ च्या एप्रिलात शेअर चार डॉलरच्या खाली होता. भाच्याच्या एक लाख ऐंशी हजारांचे साडेसहा हजार.

त्याने विकले नाहीत. "आता विकून काय, मामा," म्हणाला. मीही त्यावर काही बोललो नाही.

२०२५ च्या दिवाळीत पुण्याला गेलो होतो. तोवर शेअर पुन्हा पंधराच्या आसपास आला होता, आणि सप्टेंबरात म्युनिकच्या प्रदर्शनात क्वांटमस्केपचे सेल लावलेली डुकाटीची मोटरसायकल लोकांसमोर चालवून दाखवली होती. निघायच्या आधी शेठकडे बैठक झाली. तीच चौकडी, दाढ्या पांढऱ्या, वडे एअर फ्रायरमधले. पीएचडी उत्साहात, शेठ म्हणे कारखाना कुठाय, वहिनींनी फोनवर ताजा अहवाल उघडलेला. यावेळी मी वहिनींच्या शेजारी बसलो. त्यांनी मला एक तक्ता कसा वाचायचा ते दाखवलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा विचारलं म्हणून त्यांना जरा आश्चर्यच वाटलं असावं.

पाडव्याच्या सकाळी ताई म्हणाली, चल पर्वतीला जाऊ. ती पुढे, मी मागे, भाचा आणखी मागे. ताई एकदाही कठड्याला हात न लावता वर पोचली. मी मात्र दोनदा थांबलो. वर देवदर्शन झाल्यावर भाच्याने डुकाटीचा व्हिडिओ दाखवला. बायकांपेक्षा त्याला बाइकांचंच वेड, त्यामुळे आवाजाशिवाय पळणारी डुकाटी बघून तो अर्धा हळहळत होता. तिथेच मी त्याला ए१२३ ची सगळी गोष्ट सांगितली. अडीचशे शेअर, मग तीनशे, घटस्थापना, कोरोला, सगळं. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "हे तेव्हा माहीत असतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं.

ताई कठड्यावर टेकून शेंगदाणे खात होती. तिने काय ऐकलं, काय नाही, कोण जाणे. म्हणाली, "काय रे, मग ती तुमची बॅटरी निघाली का शेवटी?"

"निघेल गं," मी सुरू झालो, "म्हणजे बघ, त्यातली टेक्नॉलॉजी..."

"मामा," भाचा म्हणाला, "शेंगदाणे खा."